उत्तरेत बर्फ, कोकणात मोहोर: जानेवारीतली किनारसफर

काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याची बातमी पुण्यात आम्ही फोटो बघून सोडून देतो. माझ्या सासूबाई सोडत नाहीत. त्यांचं माहेर देवगड तालुक्यातलं, भावाची हापूसची बाग. बर्फाची बातमी दिसली की त्या लगेच त्याला फोन लावतात, "आभाळ आलं का रे?" यंदा जानेवारीत रायगडपासून देवगडपर्यंत किनाऱ्याने जायचं आमचं ठरलं होतं, आणि निघायच्या तोंडावर हवामान विभागाचा अंदाज आला: उत्तरेत जोरदार पश्चिमी विक्षोभ, डोंगरात बर्फवृष्टी, तो पुढे सरकला की महाराष्ट्रात किमान तापमानात घट. नवरा म्हणाला, स्वेटर घ्या. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "आधी ढग, मग थंडी. दोन्ही बघायला मिळणार." आणि खरंच मिळालं. एका विक्षोभाची सगळी चाल आम्ही किनाऱ्यावरच्या माणसांबरोबर बघितली.

हे विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होतात. वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून ते हिमालयाला येऊन भिडतात. हिवाळ्यात एकामागून एक येत राहतात. समोर असेपर्यंत ते दमट हवा ओढून घेतात, आभाळ भरतं आणि रात्री उबदार होतात. पुढे गेले की मागून कोरडे, गार वायव्येचे वारे सुटतात आणि राजस्थान-गुजरातवरून दोन-तीन दिवसांत आपल्याकडे पोचतात. म्हणजे गुलमर्गला बर्फ पडत असतो तेव्हा कोकणात उकडतंय असंही होतं, आणि तिथलं आभाळ मोकळं झालं की इथे शेकोट्या पेटतात. एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं कळेल.

शुक्रवार: माणगावजवळ, ढगांखाली पोपटी

ताम्हिणी उतरलो तेव्हा वर गारठा होता, खाली माणगावला हवा कोंदट. जानेवारी आहे असं वाटेना. नवऱ्याच्या मित्राचं शेत इथेच आहे आणि मुक्कामही तिथेच होता, कारण पोपटी.

ज्यांनी पोपटी खाल्लेली नाही त्यांनी रायगडात जानेवारी-फेब्रुवारीत एकदा तरी जावंच. भात कापून झालं की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला पाणी द्यावं लागत नाही. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव यावरच तो वाढतो, आणि शेंगा भरतात त्या ऐन थंडीत. मित्राच्या आईने मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घातला. त्यावर कोवळ्या-जून शेंगांचा थर, जाडं मीठ, ओवा, मधेमधे बटाटे, कांदे, अंडी, आणि केळीच्या पानात बांधलेलं मसाला लावलेलं कोंबडं. तोंडाशी पुन्हा भांबुर्डा असा दाबून बसवला की मडकं उपडं केलं तरी काही सांडू नये. मग ते उपडंच ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवलं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. अर्ध्या तासाने त्यांनी ओल्या हाताने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि पाणी क्षणात उडालं. "झाली," म्हणाल्या. मडकं फोडल्यावर जो वास आला त्यात धूर, ओवा आणि त्या पाल्याचा कडसर उग्रपणा असं सगळं होतं. शेंग दातांखाली ओढायची, दाणे तोंडात, साल बाजूला. कोंबडीकडे मी नंतर वळले.

जेवताना मित्राचे वडील मात्र सारखे वर बघत होते. आभाळ दोन दिवस असंच राहिलं तर वालावर मावा पडतो. काळ्या किड्यांनी शेंडे भरतात आणि फुलं गळतात. "उत्तरेत बर्फ पडतोय ना, म्हणून हे. जाईल रविवारपर्यंत," म्हणाले. मोबाइलवर त्यांच्याकडे मेघदूत होतं, हवामान विभागाचं शेतकऱ्यांसाठीचं ॲप. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यात जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो. त्यातलं "आकाश अंशतः ढगाळ" त्यांनी मला वाचून दाखवलं.

कोकणात हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हे ॲप घ्यावंच. पर्यटकांची ॲप तापमान आणि पाऊस सांगतात. यात पुढच्या पाच दिवसांचं किमान-कमाल तापमान, वारा, आर्द्रता, आभाळ हे जिल्ह्यापुरतं मिळतं, आणि मराठीत.

शनिवार: दापोली

आंबेतचा पूल, मंडणगड, दापोली. रस्ता ठीक आहे, वेळ लागतो, एवढंच.

दापोलीला "मिनी महाबळेश्वर" म्हणतात ते मला आधी पाटीवरचं कौतुक वाटायचं. समुद्र जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर असला तरी गाव पठारावर आहे, आणि हिवाळ्यात कोकणातला सगळ्यात कमी पारा बहुतेक वेळा इथलाच असतो. काही वर्षी तो दहाच्या खालीही जातो. आमचे घरमालक डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात नोकरी करून निवृत्त झालेले. 1972 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने इथल्या आंबा, काजू, भाताच्या शेतीला जे दिलं त्याबद्दल ते भरभरून बोलतात. संध्याकाळी त्यांनी लांबून वेधशाळेचा तो पांढरा, झरोक्यांच्या भिंतींचा लाकडी पेटारा दाखवला. तापमापक त्यात का ठेवतात, तर थेट ऊन आणि जमिनीची धग लागू नये, हवा मात्र खेळती राहावी. "आमच्या ओटीवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका," म्हणाले, "भिंत दिवसभर तापते, तो एक-दोन अंश वर दाखवतो."

थंडीची लाट कशाला म्हणायचं हेही त्यांच्याकडूनच नीट कळलं. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असावं लागतं. किनाऱ्यावरची ठाणी 10 पर्यंत सहसा उतरतच नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी 15 अंशांची वेगळी मर्यादा आहे. मला हे फार योग्य वाटतं. आर्द्र हवेत, वाऱ्यावर, उघड्या पडवीत राहणाऱ्या माणसाला 15 म्हणजे काय हे पुण्याच्या आकड्यावर मोजून चालणार नाही. मुंबईत सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश नोंदले गेले होते. ती गोष्ट घरमालकांच्या वडिलांना आठवायची म्हणे, दापोलीत त्या रात्री गोठ्यात आगटी पेटवली होती.

जेवायला कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, पोह्याचा पापड आणि वर तूप. रात्री झोपताना गोधडी पायाशीच होती, इतकं उबदार. पहाटे कधीतरी खिडकीची झडप आपटली. आई उठून बसल्या. "वारा फिरला," म्हणाल्या.

रविवार: हर्णै आणि आंजर्ले

सकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं. ओटीवरच्या काट्यावर बारा अंश, म्हणजे खरे अकरा धरा. घरमालकीणबाई अंगणात पाचोळा पेटवून बसलेल्या, हातात चहाची वाटी. आम्हीही टेकलो. शेजारची चार घरं एकेक करून तिथेच जमली. थंडी पडली याचा आनंद सगळ्यांच्या बोलण्यात होता, कारण सगळ्यांची चार-दोन तरी कलमं आहेत.

तासाभराने हर्णैला उतरलो आणि स्वेटर काढावा लागला. पंधरा-सोळा किलोमीटरचं अंतर, पण समुद्र रात्रभर आपली ऊब सोडत असतो, त्यामुळे बंदरावर पारा पठाराइतका पडत नाही. वारा मात्र इथे जास्त. उत्तरेचा, सलग, वाळू उडवणारा. सुवर्णदुर्गाच्या तटावर लाटा फुटताना दिसत होत्या. एरवी होड्यांतून मासळी किनाऱ्यावर आणणाऱ्या बैलगाड्यांची इथे लगबग असते. त्या दिवशी गाड्या रिकाम्या उभ्या होत्या.

"उत्तरेचा वारा लागलाय, बोटी बंदरातच," एक मावशी म्हणाल्या. त्यांच्यासमोर टोपलीत थोडे बांगडे आणि कोळंबी. "म्हावरं नाय, म्हणून भाव चढा. तू महाग म्हणू नको, बाय. परवा वारा पडला की ये." त्यांचा मुलगा बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे. हैदराबादच्या इन्कॉइसकडून, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, मासळी कुठे सापडायची शक्यता आहे त्याचे आणि समुद्रस्थितीचे सल्ले त्याच्या फोनवर येतात. वाऱ्याचा इशारा आला की तो जात नाही. त्याच्या वडिलांच्या वेळी असा इशारा नव्हता, हे मावशींनी सांगितलं आणि त्यापुढे काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेऊन किनाऱ्यावर उतरलो. इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपतात. कासवमित्र पहाटे किनारा चालून मादीच्या पावलांच्या खुणा शोधतात, अंडी काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल पुरतात. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे. आम्ही गेलो तेव्हा वाळूत काठ्या रोवलेल्या आणि त्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या. एवढंच दृश्य, पण त्या मुलाने जे सांगितलं त्याने मी खिळून राहिले. पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात आणि ते वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू गार तर दिवस लांबतात. शिवाय पिल्लू नर होणार की मादी, हेही तापमानच ठरवतं: वाळू गार असली तर नर जास्त, तापलेली असली तर माद्या जास्त. बर्फावरून आलेला हा वारा या किनाऱ्यावर किती ठिकाणी हात घालतो!

पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत जा आणि आधी गावात फोन करून घरटं कधी उघडणार ते विचारा. जानेवारीत फक्त काठ्या दिसतील. मला त्याही पुरल्या.

सोमवार: दाभोळची खाडी, धुक्यात

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गेलं की गुहागरचा मोठा वळसा वाचतो. आम्ही सकाळच्या पहिल्या फेरीला पोचलो आणि खाडीच दिसेना. वारा रात्री पडला होता, डोंगरउतारावरून गार हवा खाली येऊन वाशिष्ठीच्या उबदार पाण्यावर बसलेली. पाण्यातून वाफा निघत होत्या. फेरी सुटायला बराच उशीर झाला. दुचाकीवाले हात काखेत घालून उभे, एका टेम्पोत शेवग्याच्या शेंगा, एका बाईंच्या पाटीत अबोलीचे गजरे.

तिथेच तो जवान भेटला. गुहागर तालुक्यातला, काश्मीरमधून सुट्टीवर आलेला, दोन दिवस रेल्वेत काढून. खांद्यावर पिशवी, अंगात साधा शर्ट. बाकी आम्ही सगळे कुडकुडत होतो. आईंनी त्याला थेट विचारलं, "काय रे बाबा, तिकडे बर्फ किती?" तो निघाला तेव्हा पडतच होता. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथे "चिल्लई कलान" असतं, वर्षातली सगळ्यात कडक थंडी. नळ गोठतात, दल सरोवराच्या काठाला बर्फाचा पापुद्रा धरतो. पण त्याचं एक वाक्य मी लगेच फोनवर लिहून ठेवलं: "ताई, बर्फ पडत असताना तितकी थंडी नसते. बर्फ थांबून आभाळ उघडलं ना, की त्या रात्री हाडं दुखतात."

आई माझ्याकडे बघून हसल्या. ढग रात्रीची ऊब धरून ठेवतात, आभाळ उघडं पडलं की जमीन ती सोडून देते. काश्मीरच्या चौकीवर आणि दापोलीच्या ओटीवर नियम एकच. आम्ही माणगावपासून तेच बघत आलो होतो.

जवानाला घाई होती. घरी काजूची झाडं आहेत, मोहोर आलाय, आणि वडिलांना आता फवारणी झेपत नाही. सुट्टीतले पहिले दिवस त्याचे पाठीवर पंप घेऊन जाणार होते. धुकं विरलं, पलीकडचा धक्का दिसला, आणि उतरल्यावर तो एका दुचाकीवर मागे बसून गेलासुद्धा.

फेरीने जाणार असाल तर जानेवारीत पहिल्या फेरीवर पुढचा सगळा दिवस बांधू नका. धुकं असेल तर थांबावं लागतं आणि थांबणंच बरोबर. दहानंतर सहसा सगळं मोकळं असतं.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, खानावळीत उकडीचे मोदक, दुपारी इतकं ऊन की टोपी लागली. जमिनीवरून वारा येत असला की समुद्राचा खारा वारा उशिरा चढतो आणि हिवाळ्यातही किनारा तापतो. सकाळी बारा अंश, दुपारी बत्तीस अशी तफावत इथे नवलाची नाही. म्हणून एकच जाड स्वेटर नेण्यापेक्षा काढता-घालता येतील असे दोन-तीन पातळ थर न्यावेत. कानाला रुमाल, आणि दुपारसाठी सुती कपडे.

संध्याकाळी किनाऱ्यावर कुरवांचे, म्हणजे सीगलचे, थवे. पांढरे-राखाडी, शेकड्यांनी, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव तिबेट-पामीरच्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी वीण करतात आणि तिथे बर्फ धरायला लागला की आपल्या किनाऱ्यावर येतात. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरं होतं, कानामागे फक्त गडद ठिपका उरतो. तो ठिपका दिसला की ओळख पटते. लोक त्यांना शेव-फरसाण टाकत होते. कृपा करून टाकू नका. ते त्यांचं अन्न नव्हे.

मंगळवार: जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी

तवसाळहून दुसरी फेरी, जयगडचा दीपगृहाचा कडा, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, पुळ्याचं दर्शन, आरे-वारेचा तो सुंदर रस्ता. सगळं छान, सगळं गर्दीचं. रत्नागिरीत मुक्काम केला तो मिरकरवाड्याला मासे खाण्यासाठी. वारा पडून दोन दिवस झाल्यामुळे बोटी गेल्या होत्या आणि बाजार भरलेला होता. तळलेली सौंदाळी, सुरमईची आमटी, सोलकढी. मावशींची आठवण झाली.

बुधवार आणि गुरुवार: देवगड

पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर करत सागरी रस्त्याने देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढलो. काळाकरडा जांभा कातळ, आणि त्या कातळात सुरुंग लावून, खड्डे खोदून, माती भरून लावलेली कलमं. पाणी नाही, माती नाही, तरी इथला हापूस जगात गेला. मामांच्या, म्हणजे आईंच्या भावाच्या, वडिलांनी अशी बाग उभी केली. आईंनी लहानपणी डोक्यावरून कळश्या वाहिल्या आहेत. गाडीतून उतरल्या त्या घरात न जाता थेट बागेत.

मोहोराचा वास आधी आला. गोडसर, थोडा तुरट, दाट. मामा पुढे, आम्ही मागे.

"थंडी पडली ता बरा झाला," मामा म्हणाले. "पण आता बेतान व्हयी."

मला वाटायचं, थंडी जितकी जास्त तितका आंबा चांगला. मामांनी एका फांदीशी उभं राहून सगळा हिशेब सांगितला. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात पान जून होतं. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार झाल्या की फांदीच्या डोळ्यातून मोहोर फुटतो. थंडी वेळेवर नाही आली तर त्याच डोळ्यातून पालवी फुटते आणि ते वर्ष गेलं. यंदा पहिला मोहोर वेळेत आला, कणी धरली. म्हणजे फळं ज्वारी-बाजरीच्या दाण्याएवढी, काही वाटाण्याएवढी. इथपर्यंत सगळं ठीक.

"आता थंडी अशीच रवली तर दुसरो मोहोर फुटतलो, नि पयली कणी गळान पडतली. झाड काय सगळ्यांका पुरवतला?"

याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडातलं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि आधी धरलेली फळं उपाशी राहतात. तो टळावा म्हणून विद्यापीठाने जिबरेलिक ॲसिडच्या फवारणीची शिफारस केली आहे आणि मामा ती वेळ बघून करतात. शिवाय फार गारठ्यात मोहोरात नर फुलं जास्त आणि फळ धरणारी फुलं कमी येतात, मधमाश्याही उशिरा बाहेर पडतात. मामांनी बागेच्या कडेला सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यात. नऊ वाजून गेले तरी दोन-चारच माश्या दाराशी.

मग त्यांनी मला हात पुढे करायला सांगितलं. मोहोराचा एक तुरा माझ्या तळहातावर धरला आणि हलकेच झटकला. लालसर दांड्या, त्यांवर मोहरीएवढी पिवळट फुलं. काही फुलं हातावर पडली आणि त्यांच्याबरोबर पाचरीच्या आकाराचे करडे बारीक किडे, जे पडल्या पडल्या तिरके उडाले. तुडतुडे. हे मोहोराचा रस शोषतात, अंगातून चिकट गोड स्राव टाकतात, आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. शेजारच्या एका तुऱ्यावर बोट फिरवलं तर बोट चिकटलं आणि काळं झालं. ढगाळ, दमट हवा यांना सगळ्यात मानवते. शुक्रवार-शनिवारच्या त्या ढगांचा हा हिशेब.

"आभाळ इला काय तुडतुडो इलोच," मामा म्हणाले. बर्फाच्या बातमीवर आई लगेच फोन का लावतात ते मला त्या काळ्या बोटाने समजलं. तोच विक्षोभ आधी ढग आणतो, तेव्हा बागायतदार घाबरतो. मागून थंडी आणतो, तेव्हा सुखावतो. आणि थंडी लांबली तर पुन्हा घाबरतो. या सगळ्याचा निकाल एप्रिलमध्ये पेटीत दिसतो. आपण फक्त भाव विचारतो.

आंब्याला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. अवेळी पाऊस आणि जास्त तापमान यांच्याबरोबर कमी तापमानही त्यात धरलं जातं. मोजमाप परिसरातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावरून होतं. मामांची तक्रार अशी की त्यांच्या बागेसाठी धरलं जाणारं केंद्र डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आहे. इथे सड्यावर जे होतं ते तिथे होत नाही. दापोली आणि हर्णैमधला फरक अंगावर घेऊन आल्यामुळे मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. किनाऱ्यावर पाच-दहा किलोमीटरात हवा बदलते, आणि जिथे माणसाची वर्षाची कमाई एका आकड्यावर ठरते तिथे आणखी केंद्रं हवीतच.

बुधवारी रात्री शेजारच्या गावात जत्रा होती, म्हणजे दशावतार. मामीने प्रत्येकाला एकेक चादर दिली. देवळाच्या आवारात माणसं चटया टाकून, मुलांना मांडीत घेऊन, कानटोप्या ओढून बसलेली. बाजूला चहाची भट्टी, गरम भजी, आणि आलं-गुळाच्या पाकातलं खाजं. थंडीत खाज्यातलं ते आलं घशाला फार बरं वाटतं. आम्ही पडद्यामागे जाऊन आलो. कलावंत पेट्यांवर बसून आरशात बघत स्वतःच रंग लावत होते. लक्ष्मीचं काम करणारा तरुण पातळ साडीत, उघड्या दंडांनी. मी विचारलं, थंडी नाही वाजत? "पेटी वाजाक लागली काय जाता थंडी," म्हणाला.

आणि खरंच, पायपेटी, मृदुंग आणि झांज सुरू झाली, संकासुर उड्या मारत आला आणि मुलं चादरीतून बाहेर. पुढे आख्यान. यांच्याकडे लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद तिथल्या तिथे. राजाने शत्रूला धमकावताना "तुझ्या राज्यावर बर्फ पाडीन" असं काहीतरी ठोकून दिलं आणि सगळं आवार हसलं, कारण दोन दिवस सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. आई पहाटेपर्यंत बसल्या. मी मामीच्या खांद्यावर थोडी पेंगले, युद्धाच्या वेळी जागी झाले.

दशावतार बघायचा असेल तर कार्तिकापासून शिमग्यापर्यंत सिंधुदुर्गात रोज कुठे ना कुठे असतो. गावात कुणालाही विचारा. सुरुवात उशिरा होते, म्हणून दुपारी झोप काढा. गरम कपडे न्या, बसायला चटई न्या. फोटो काढण्याआधी पडद्यामागे विचारा, कुणी नाही म्हणत नाही.

शुक्रवार: फोंडा घाटाने वर

नांदगाव, फोंडा घाट, कोल्हापूर, पुणे. निघताना मामीने कोकमं, काजूगर आणि कुळथाचं पीठ दिलं. आंबे मिळतील का, असं वाटेत भेटलेल्या दोन पर्यटकांनी मामांना विचारलं. जानेवारीत हापूस नसतो. एखाद-दुसरी पेटी वाशीच्या बाजारात मुहूर्ताला जाते आणि बातमीत येते, तो भाव आपला नव्हे. मुख्य हंगाम एप्रिल-मे.

घरी आल्यावर पाहिलं, उत्तरेत पुढचा विक्षोभ यायच्या बेतात. आईंनी फोन लावला. मामा म्हणाले, ढग यायच्या आधी उद्या सकाळीच तुडतुड्यांची फवारणी उरकतो, जिबरेलिक आधीच झालंय, पहिली कणी अजून टिकून आहे. आम्ही चार पेट्या आताच सांगून ठेवल्या. तुम्हालाही खात्रीचा देवगड किंवा रत्नागिरी हापूस हवा असेल तर मे महिन्यात रस्त्याकडेच्या पाट्यांवर जाऊ नका. हिवाळ्यात एखाद्या बागायतदाराकडे राहा, त्याची बाग बघा, पेटी तेव्हाच सांगा. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा पेटीवर त्याची नोंद आणि बागायतदाराचं नाव आहे का, तेही विचारून घ्या.